दोन मिनिटं दहा सेकंद

“तीन,” असं म्हणून आप्पांनी उजवा हात वर केला.

फिजिओथेरपिस्ट नुसरतनं चालायचं मशीन थांबवलं. आप्पा दांडी धरून पट्ट्यावरून खाली उतरले आणि शेजारच्या खुर्चीत बसून पोटरी चोळू लागले. एक मिनिट अठ्ठावीस सेकंद झाले होते. पहिल्या दिवशी ते दीड मिनिट चालले होते. म्हणजे चार आठवडे अंबरपेठेहून मलकपेठेतल्या या दवाखान्यात ऑटोनं ये-जा करून, मार्चच्या उन्हात भाजून निघून आम्ही दोन सेकंदांनी मागे आलो होतो.

तीन हा दुखण्याचा नंबर. पोटरी नुसती दुखायला लागली की एक, पाऊल उचलवेनासं झालं की चार. तीन येईपर्यंत चालायचं, मग बसायचं, दुखणं गेलं की पुन्हा उठून चालायचं. असं पाऊण तास, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. आणि हे सगळं नुसरतच्या डोळ्यांसमोर. घरी स्वतःच्या मनानं चालणारा माणूस दुखायच्या आधीच घरी परततो, असं तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तिचे रोजे चालू होते. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, तरी आवाज खणखणीत. ती आप्पांच्या समोर उकिडवी बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “चाचा, तीन में आदमी का मूँ ऐसा नै रहता. तुमारा मूँ तो चाय पीने को निकले सरीखा है.”

“मूँ का क्या देखना,” आप्पा म्हणाले. “दुखा तो दुखा.”

माझी चारू खुर्चीखाली बसून कागदावर निळा हत्ती काढत होती. तिनं मान बाहेर काढून आजोबांकडे बघितलं आणि उजवा हात वर केला. “तीन,” ती म्हणाली. घरी पोट भरल्यावर भाताचा घास नको असला तरी हल्ली ती हेच म्हणायची.

मला हसू आलं आणि रडूही. कारण जूनमध्ये चारूची बालवाडी सुरू होणार होती, आणि तिच्यासाठी घेतलेली माझी रजा संपणार होती. मी काचीगुड्यात एका शाळेत गणित शिकवते. मला सव्वासातला घर सोडावं लागतं. ओमकार, माझा नवरा, आठची मेट्रो पकडून थेट हायटेक सिटीला जातो. चारूची बालवाडी नवाला. आई जाऊन चार वर्षं झाली. घरात नऊ वाजता मोकळं माणूस एकच, माझे वडील. त्यांना नातीचा हात धरून बालवाडीपर्यंत नेता आलं तर माझी नोकरी राहणार होती. नाही तर मी राजीनामा लिहिणार होते. तो मनातल्या मनात लिहूनही झाला होता.

आप्पांनी, म्हणजे एकनाथरावांनी, आयुष्यभर घड्याळ धरलं. मलकपेठेच्या रेसकोर्सवर पहाटे घोड्यांचा सराव होतो, तेव्हा कठड्याशी उभं राहून प्रत्येक घोड्याची वेळ घ्यायची आणि रेसच्या पुस्तकात ती छापायला द्यायची. चौतीस वर्षं हेच काम. हातात स्टीलचं जुनं स्टॉपवॉच, गळ्यात त्याची लांब काळी दोरी. अंधारात नुसत्या टापांवरून कोणता घोडा आला ते ते सांगायचे. आयुष्यात एकदाही पैज लावली नाही. लोक म्हणायचे, एकनाथराव, एक नंबर तरी सांगा. आप्पा म्हणायचे, “वेळ सांगतो. पुढचं घोड्याला विचारा.”

व्यसन एकच, सिगरेट. थंडीत उभं राहायचं असतं, असं म्हणत पहाटेपासून सहा. डॉक्टरांनी सांगितल्यावर ती त्यांनी एका दिवसात सोडली, पण तोपर्यंत चाळीस वर्षं झाली होती.

आजाराची पहिली चाहूल लागली ती सुलतान बाजारात. गेल्या दिवाळीनंतर चारूसाठी फ्रॉकचं कापड घ्यायला आम्ही गेलो होतो. आप्पा दर थोड्या अंतरावर थांबायचे आणि दुकानात बघत उभे राहायचे. आधी भांडी बघितली, मग कुलपं. तिसऱ्यांदा वळून बघते तर आप्पा बायकांच्या गाऊनच्या दुकानासमोर उभे. अगदी मन लावून, कुठला घ्यावा अशा विचारात पडल्यासारखे. दुकानदार बिचारा आत बोलवत होता. मी तेव्हा त्यांची इतकी थट्टा केली की ते लाजून हसले. घरी येऊन ओमकारला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, “त्रिवेणी, ते थांबत कुठे होते ते सोड. थांबत का होते?”

तरीही मी दवाखान्याचं मनावर घेतलं नाही. ते घ्यायला लावलं एका बकरीच्या पिल्लानं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. आप्पा चारूला घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते. गल्लीत कुणाची तरी बकरी व्यालेली, तिचं पिल्लू उड्या मारत मोठ्या रस्त्याकडे पळालं आणि त्याच्यामागे चारू, आजोबांचा हात सोडून. आप्पा धावले. चारसहा पावलांत पोटरी अशी आवळली की पाय जागचा हलेना. त्यांना फक्त ओरडता आलं. बांगड्यांच्या दुकानातली कुसुमताई बाहेर झेपावली आणि तिनं फुटपाथच्या काठावर चारूचा फ्रॉक धरला. बस पुढून निघून गेली.

मी आप्पांना एका शब्दानंही बोलले नाही. नुसतं दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला मी जायला लागले. दुधाची पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवलेली असायची, ती त्यांनी एकदा हातात घेतली, घडी केली आणि परत अडकवली. हे मी स्वयंपाकघरातून बघितलं.

डॉक्टर सुधीर यांनी चित्र दाखवून समजावलं. मांडीतली मोठी रक्तवाहिनी आतून चरबी साचून अरुंद झाली होती. बसून असताना रक्त पुरतं, चालताना पोटरीला जास्त लागतं तेव्हा पुरत नाही, म्हणून पोटरी ओरडते. ऑपरेशनची घाई नव्हती. गोळ्या, सिगरेट बंद, आणि देखरेखीखाली चालणं. बारा आठवडे चालून बघू, मग ठरवू, असं ते म्हणाले. आणि मी, गणिताची बाई, बाहेर येताच आप्पांना अट घातली. जूनमध्ये बालवाडीपर्यंत एका दमात जाता आलं तर चारू तुमच्याबरोबर जाईल. अंतर मी फोनवर मोजून ठेवलं होतं, पाचशे चाळीस मीटर.

आता चौथा आठवडा संपत आला होता आणि आप्पा दीड मिनिटाला हात वर करत होते.

त्या दिवशी परतताना चादरघाटच्या गर्दीत ऑटो अडकली. चारू माझ्या मांडीवर झोपली होती. मी शेवटी विचारलंच, की आप्पा, खरं सांगा, खरंच तीन येतं का? मग त्यांनी मला मेहताबची गोष्ट सांगितली. मी त्यांची मुलगी, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मेहताब तांबूस रंगाची घोडी. वीसेक वर्षांपूर्वीची. शनिवारी तिची रेस आणि गुरुवारी पहाटे ती आप्पांसमोरून पळाली. वेळ नेहमीसारखीच. फक्त वळणावर घड्याळ किंचित रेंगाळलं, एका सेकंदाच्या दोन पंचमांश इतकंच. आप्पांना वाटलं, ती डावा पुढचा पाय चोरते आहे. स्वार म्हणाला, काही नाही. खात्री नव्हती म्हणून आप्पा बोलले नाहीत. नुसती वेळ लिहिली. शनिवारी शेवटच्या वळणावर तोच पाय मोडला.

“मैदानात हिरवा पडदा आणून लावतात,” आप्पा म्हणाले. “पडद्याच्या मागं त्या जनावराला गोळी घालतात, ते सगळ्यांना ठाऊक असतंय. तरी लावतात.”

त्यानंतर पहाटेच्या अंधारात कुठलाही घोडा जरा लंगडला, की कठड्याशी आप्पांचा उजवा हात वर जायचा. त्यांना तसा काही अधिकार नव्हता. पण स्वार लगाम खेचायचे.

“ती पोरगी म्हणते, दुखतंय तर चाला. लंगड्या जनावराला पळवलं की काय होतंय ते बघितलंय मी, तिरू. डॉक्टरनं पायाचं चित्र दाखवलं ना, तवाच मला तो पडदा दिसला.”

मी त्यांचा हात धरला. वडिलांना चालून पाय निकामी होईल आणि मग तो कापतील अशी भीती वाटत असेल, आणि ती ते एका आकड्याआड लपवत असतील, हे मला कसं कळलं नाही? एक आलं की तीन म्हणायचं आणि हात वर करायचा. मेहताबच्या वेळी जो वर केला नाही, तो हात.

पुढच्या खेपेला मी नुसरतला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती वाद घालायला गेली नाही. फक्त आप्पांना म्हणाली, की परवा तुमचं घड्याळ घेऊन या.

शनिवारी आप्पांच्या गळ्यात पुन्हा काळी दोरी आली. रोज पॉलिश केल्यासारखं ते स्टील चमकत होतं. नुसरतनं कामाची वाटणी केली. चालण्याची वेळ ती बघणार. आप्पांनी बसण्याची वेळ घ्यायची. म्हणजे खुर्चीत बसल्यापासून पोटरी पूर्ण शांत होईपर्यंत किती वेळ जातो, तेवढंच. आप्पांना हे काम विचित्र वाटलं असावं, पण घड्याळाचं काम म्हटल्यावर ते नाही कसं म्हणणार.

पट्टा सुरू झाला. सव्वा मिनिटाला हात वर जायला लागला.

“हात नीचे, चाचा,” नुसरत म्हणाली. “मैं बाजू में हूँ ना. कुछ नै होता.”

ती खरंच त्यांच्या बाजूला उभी होती, एक हात त्यांच्या पाठीमागे, न लावता. दीड मिनिट झालं. पावणेदोन. आप्पांचे ओठ मिटले. दोन मिनिटं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पाऊल ओढल्यासारखं पडू लागलं, आणि मी उभी राहिले. चारूसुद्धा हत्ती सोडून उभी राहिली. दोन मिनिटं चाळीस सेकंद झाल्यावर नुसरतनं स्वतःच मशीन थांबवलं आणि म्हणाली, “हौ. ये तीन है.”

आप्पा खुर्चीत टेकले आणि टेकताटेकताच अंगठा दाबला. टिक. आप्पांनी डोळे मिटले होते, पहाटे टापा ऐकायला मिटायचे तसे. पण आता ते स्वतःच्या पोटरीला ऐकत होते. किती तरी वेळानं पुन्हा टिक.

“दोन मिनिटं दहा सेकंद.”

पुन्हा चालले, पुन्हा बसले. दोन मिनिटं चौदा. तिसऱ्या वेळी दोन मिनिटं आठ. आप्पा घड्याळाकडे बघत राहिले. मग उजवा पाय उचलून त्यांनी घोटा गोल फिरवला, जमिनीवर आपटून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणी बघितलं होतं, एखाद्या नवख्या घोड्यानं अचानक चांगली वेळ दिली की ते असे घरी यायचे आणि आईला चहा टाकायला सांगायचे.

“लंगडा घोडा दो मिनिट में ठीक नै होता, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “दो महिने में भी नै होता.”

“तो फिर?”

“ये लंगडा नै है. ये कच्चा है.” आणि मग जरा मोठ्यानं, “कच्चे घोडे का काम मेरेकू मालूम.”

नुसरत इतकी हसली की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरात जणू एक घोडा तयार व्हायला लागला. दुपारी तीनला निघायचं म्हणून आप्पा अकराला जेवायचे, बाराला पडायचे, दोनला उठून पाय शेकायचे. रेसच्या जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या समासात ते स्वतःच्या वेळा लिहायचे. वर छापलेली कुठल्या तरी जुन्या घोड्याची वेळ, खाली पेन्सिलीनं ‘एकनाथ, उजवा पाय, तीन मिनिटं पाच’. ओमकार संध्याकाळी बूट काढायच्या आधी विचारायचा, आज किती? एकदा तर त्यानं मीटिंगमधून मेसेज करून विचारलं. मी लिहिलं, चार मिनिटं वीस. त्यानं फटाके पाठवले.

सहाव्या आठवड्यात पाच मिनिटं झाली. नुसरतनं पट्ट्याला चढ दिला, तेव्हा वेळ परत साडेतीनवर आली, आणि मी हिरमुसले. आप्पाच मला समजावत होते, की घोड्यावर वजन वाढवलं की वेळ घसरते, मग सावरते. आठव्या आठवड्यात चढावर सहा. बसण्याची वेळ दीड मिनिटावर आली होती. मी रात्री अंथरुणात पडल्यावर गणित करत असायचे, सहा मिनिटं म्हणजे किती मीटर, पाचशे चाळीसला किती कमी. शाळेच्या वह्या तपासताना असा आनंद मला कधी झाला नव्हता.

मी एकदा नुसरतला विचारलं, की आत नक्की काय होतं? ती नळी रुंद होते का? ती म्हणाली, नाही. मग तिनं मला चादरघाटचा छोटा पूल सांगितला. मूसी नदीला पाणी आलं की तो बंद करतात, तेव्हा ऑटोवाले काय करतात? गल्ल्या शोधतात. पोटरी तहानली आणि मग आपण बसलो, की रक्त लोंढ्यानं आत येतं. बारीक रक्तवाहिन्यांना आतून जे नाजूक अस्तर असतं, त्याला तो लोंढा जाणवतो आणि ते वाहिनीला सांगतं, सैल हो, वाट दे. वर्षानुवर्षं सिगरेटनं ते अस्तर झोपलेलं असतं. रोज थोडं थोडं जागवायचं. शिवाय पोटरीचे स्नायूही शिकतात, आहे त्या रक्तात भागवायला. दुखल्याशिवाय लोंढा नाही, म्हणून तीन.

मी हे सगळं घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, हे तर त्यांना कधीचं ठाऊक आहे. घोडा धावून आला की त्याच्या मानेवरच्या शिरा कशा टरारतात ते त्यांनी चौतीस वर्षं बघितलं आहे.

ईद झाली तेव्हा नुसरतनं डब्यात शीरखुर्मा आणला. आप्पांना साखर जपून खायची होती, पण दोन चमचे त्यांनी खाल्ले. महिनाभर ते तिच्यासमोर पाणी प्यायले नव्हते. ती रागवायची, चाचा, रोजा मेरा है, तुमारा नै. ते ऐकायचे नाहीत.

मेच्या शेवटी बारा आठवडे संपले. शेवटच्या दिवशी सपाट पट्ट्यावर आप्पा नऊ मिनिटं दहा सेकंद चालले. मी टाळ्या वाजवल्या, चारूनं वाजवल्या, नुसरतनं तर शिट्टीच मारली.

मग तपासणी. हाताच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना करून एक आकडा काढतात. तो मार्चमध्ये शून्य पूर्णांक एकसष्ट होता. निरोगी माणसाचा एकच्या आसपास असतो. मी मनाशी ऐंशी धरला होता. आला बासष्ट.

यंत्र चुकलं असेल असं मी म्हणून बघितलं. डॉक्टर सुधीर शांतपणे म्हणाले, की मोठी वाहिनी तशीच आहे, ती चालण्यानं उघडत नाही, हे त्यांनी मार्चमध्येही सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी ऐकलं नव्हतं. आप्पा पट्ट्या सुटलेल्या घोट्यावर पायजमा खाली ओढत होते, आणि त्यांच्या मानेकडे बघून मला वाटलं, की इतके आठवडे मी त्यांना उगाच पळवलं.

“आता हात बघू,” डॉक्टर म्हणाले.

हीच तपासणी मार्चमध्येही केली होती. मनगटाच्या वर पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं, आणि दंडातली रक्तवाहिनी त्या लोंढ्यानं किती फुगते ते सोनोग्राफीच्या पडद्यावर बघायचं. मार्चमध्ये ती जेमतेम चार टक्के फुगली होती. आताही आप्पांनी डोळे मिटले. पट्टा सुटला. पडद्यावर दोन समांतर रेघा होत्या, दिसेल न दिसेल अशा त्या एकमेकींपासून दूर सरकल्या. डॉक्टरांनी मोजलं, पुन्हा मोजलं. साडेसहा.

सगळ्यांच्यात इतकं होतंच असं नाही, असं ते आधी म्हणाले. डॉक्टर लोकांना आनंदाआधी असं काही तरी म्हणावंच लागतं. मग खुर्ची आमच्याकडे वळवून म्हणाले, की ही वाहिनी पायाची नाही, दंडाची. तिच्यासाठी आपण काहीच केलं नव्हतं. चालले पाय, पण अस्तर सगळ्या शरीरात जागं व्हायला लागलं.

“चले पाँव,” आप्पांनी स्वतःचा उजवा तळवा उलटसुलट करून बघितला. अंगठ्यावर घड्याळाच्या बटणाचा जुना घट्टा होता. “और खुला हात?”

“हौ, चाचा,” दारातून नुसरत म्हणाली.

मी उठून तिला मिठी मारली. तिच्या ओढणीला टाचणी होती, ती मला टोचली.

रविवारी सकाळी मी आप्पांना घेऊन बालवाडीपर्यंत जाऊन बघितलं. रस्ता म्हणजे पट्टा नव्हे. खड्डे, उभ्या गाड्या, ऊन. तरी ते गेले, झपझप गेले, मी मागून फोनमधले मीटर बघत होते. तीनशे. साडेतीनशे. चारशे दहाला, कुसुमताईच्या बांगड्यांच्या दुकानासमोर, पाय थांबले. आणि सवयीनं आप्पा दुकानाकडे वळले आणि हिरव्या बांगड्या न्याहाळू लागले.

एका दमात, असं मी म्हटलं होतं. एकशे तीस मीटर कमी पडले होते. येत्या गुरुवारी बालवाडी सुरू होणार होती.

आप्पांनीच बांगड्यांकडे पाठ केली. दुकानाच्या पायरीवर ते बसले, सगळ्या रस्त्यासमोर, आणि अंगठा दाबला.

“मी थांबणार, तिरू,” ते म्हणाले. “पाय हाय तसाच हाय, कुठं तरी थांबवणारच. आजवर मी ते लपवायलो, म्हणून पोरगी हातातनं सुटली. मी थांबल्यावर ती कुठं असंल, तेवढं विचार.”

“कुठे असेल?”

त्यांनी गळ्यातली दोरी काढली. एका टोकाला घड्याळ होतं, दुसरं टोक त्यांनी आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. रेसकोर्सवर स्वार उतरायच्या आधी घोडा सांभाळणारा मोतद्दार लगाम धरतो, मगच स्वार रिकिबीतून पाय काढतो, असं त्यांनी मला सांगितलं. आधी लगाम, मग पाय. चारू घड्याळ धरणार. वेळ तिची. घड्याळ धरणारं माणूस जागा सोडून पळत नाही, त्याच्यावर काम असतं. आणि पळालंच तर दोरी आहे.

टिक. एक मिनिट पाच सेकंद. ते उठले.

गुरुवारी मी पहिल्या दोन तासांची सुट्टी मागून घेतली होती, हे आप्पांना सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, मला आज उशिरा बोलावलंय. चारूच्या पाठीवर पिवळी पिशवी, गळ्यात पाण्याची बाटली, आणि मुठीत ते घड्याळ, तिच्या मुठीत न मावणारं. दोरी आप्पांच्या मनगटावर. त्यांनी पांढरा सदरा घातला होता, पूर्वी रेसच्या दिवशी घालायचे तो.

मी वर गॅलरीत गेले. गल्ली सरळ आहे, कुसुमताईच्या दुकानापुढच्या कोपऱ्यापर्यंत सगळं दिसतं. गेल्या आठवड्यापासून तीच बकरी पुन्हा गल्लीत बांधलेली, पिल्लू आता चांगलं मोठं झालेलं. चारूनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं चारूकडे. चारूनं घड्याळ छातीशी धरलं आणि पुढे गेली.

कुसुमताईच्या दुकानाशी आप्पांनी उजवा हात वर केला. चारू थांबली. दोघं पायरीवर बसले. चारूची मान घड्याळावर वाकली. इतक्या लांबून तिचे अंगठे दिसणार नव्हते आणि आवाज तर येणारच नव्हता, पण मला तो ऐकू आला. आप्पा पोटरी चोळत होते. रस्त्यानं माणसं जात होती, त्यांच्यापैकी कुणी तरी काही विचारलं, आणि आप्पांनी पोटरीवर हात ठेवून त्याला उत्तर दिलं. चारूनंही वाकून आपली एवढीशी पोटरी चोळायला घेतली.

मी वर उभी राहून सेकंद मोजत होते. एकोणसाठ, साठ. ते उठले. दोरी ताठ झाली असेल, मग सैल झाली असेल. कोपऱ्यावर आधी पिवळी पिशवी दिसेनाशी झाली, मग पांढरा सदरा.

पुढचे एकशे तीस मीटर गॅलरीतून दिसत नाहीत. मी एकशे दहापर्यंत मोजलं, आणि मग मोजायचं सोडून आत आले. दाराच्या खिळ्याची दुधाची पिशवी जागेवर नव्हती. येताना दूध आणायचं म्हणून आप्पांनी ती खिशात घालून नेली होती.